टंचाईचे गोडवे गाण्याआधी त्या गाडीकडे नीट बघा

गेले काही महिने एक फोटो फिरतोय, म्हणजे फोटो दरवेळी वेगळा असतो पण गोष्ट तीच. युद्धात होरपळलेल्या कुठल्यातरी गावातलं पोरगं, पायात चप्पल नाही, हातात सुतळी आणि सुतळीच्या टोकाला पत्र्याच्या डब्याची गाडी, बाटलीच्या बुचांची चाकं. खाली कोणीतरी लिहिलेलं असतं की यांच्याकडे काही नाही तरी खूश आहेत आणि आमच्या पोरांकडे खोलीभर खेळणी असून बोअर होतंय म्हणून रडतात. झालं, वाद सुरू. एक गट म्हणतो अगदी बरोबर, आम्ही पण काडेपेटीच्या आगगाड्या केल्या, चिंध्यांच्या चेंडूने खेळलो, म्हणून तर घडलो. दुसरा गट तुटून पडतो की हे गरिबीचं उदात्तीकरण आहे, तिथे खेळबिळ काही नसतो, नुसता ट्रॉमा असतो, असले फोटो शेअर करणंच विकृत. दोन दिवस एकमेकांची अक्कल काढून सगळे आपापल्या कामाला लागतात आणि त्या गाडीकडे नीट बघायचं राहूनच जातं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. युद्धाच्या टंचाईत मुलांनी हाताने खेळणी केली, भरपूर केली, आणि त्यातली काही आज म्युझियममध्ये आहेत. पण त्याचं श्रेय टंचाईला देणं म्हणजे पुरातून पोहून बाहेर आलेल्या माणसाचं कौतुक करायचं सोडून पुराला हार घालण्यासारखं आहे. जिथे जिथे असा खेळ खरोखर बहरला तिथे थोडं खणलं की खाली त्याच त्याच गोष्टी सापडतात: पोटात थोडंफार अन्न, खेळायला जागा, सोबतीला पोरं आणि हाताशी एखादं मोठं माणूस. यातलं जे गेलं तेवढा खेळ लंगडला आणि सगळंच गेलं तिथे बंद पडला. म्हणून "मुलांना कमी द्या म्हणजे क्रिएटिव्ह होतील" हा धडा काढणं चूक. आणि तिथे खेळ नसतोच म्हणणंही तेवढंच चूक, कारण एकदा तसं मानलं की मदतीच्या यादीतून सगळ्यात आधी खेळणं उडतं.

मुळात युद्धातली टंचाई येते कुठून? ती काही आभाळातून पडत नाही, ती कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेली असते. लंडनच्या मर्टन भागात लाइन्स ब्रदर्स नावाची कंपनी होती, ट्राय-अँग या नावाने खेळणी विकायची, त्या काळातली बडी आसामी. दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीने स्टेन गनचं मार्क ३ मॉडेल लाखांनी बनवलं. पत्रा वाकवायचा, शिवण वेल्ड करायची आणि वस्तू स्वस्तात काढायची ही कला खेळणीवाल्यांना येतच होती, तीच बंदुकीला कामी आली. लिव्हरपूलला मेकॅनोची फॅक्टरी होती, तिचंही तेच झालं. जपानने तर १९३८ मध्येच देशातल्या मुलांसाठी धातूची खेळणी बनवायला बंदी घातली होती, पत्रा चीनमधल्या लढाईला हवा होता. अमेरिकेत १९४२ मध्ये धातूच्या खेळण्यांवर निर्बंध आले तेव्हा लायोनेल कंपनीने आगगाडी चक्क पुठ्ठ्याची काढली, जी जोडता जोडता बापलोकांचे नाताळ खराब झाले म्हणतात. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, मलायाचं रबर आणि कथील जपानच्या हातात गेलं, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला चेंडू महाग झाले. आपल्याकडे बाजारात जपानी पत्र्याची नि सेल्युलॉइडची खेळणी यायची ती जपान युद्धात उतरल्यावर यायची बंद झाली. आणि धातू वाचवायला सरकारने १९४३ मध्ये तांब्याच्या पैशाला मधोमध भोक पाडलं, तो भोकाचा पैसा घरात जुन्या डब्यात अजून सापडतो. फार लांब जायला नको, जून २०१० मध्ये इस्रायलने गाझात काय जाऊ द्यायचं याची यादी सैल केली तेव्हा नव्याने परवानगी मिळालेल्या वस्तूंत खाऊ, वह्या-पेन्सिली, भांडी, गाद्या यांच्याबरोबर खेळणी होती. म्हणजे त्याच्या आधी ती कोणीतरी अडवून धरलेली होती. हे एकदा लक्षात आलं की "अभाव हा गुरू" वगैरे बोलताना जीभ थोडी अडखळायला पाहिजे. गुरूचं नाव-गाव आहे ना, त्याच्याकडे हुद्दा आहे, शिक्का आहे.

आता समोरच्यांचे मुद्दे. ते कच्चे नाहीत, त्यामुळे उगाच टिंगल करून उडवणार नाही.

पहिला मुद्दा असा की ज्यांनी ते भोगलं तेच लोक सांगतात आमचं बालपण मजेत गेलं. खरं आहे. लंडनवर सप्टेंबर १९४० पासून पुढच्या मेपर्यंत बॉम्ब पडत होते, आणि त्या काळातल्या मुलांच्या आठवणी काढून बघा, त्यांत भीती आहे पण मजाही ठासून भरलीये. सकाळी सायरन संपला की पोरं रस्त्यावर, तोफगोळ्यांचे नि बॉम्बचे तुकडे शोधायला. ताजा तुकडा हाताला गरम लागायचा. त्यातही विमानविरोधी तोफेच्या गोळ्याचं पुढचं टोक मिळालं तर पोरगा दिवसभर राजा, शाळेत त्या एका टोकाच्या बदल्यात मूठभर साधे तुकडे मिळायचे. पडक्या घरांच्या जागा म्हणजे किल्ले, जहाजं, दवाखाने, काय वाट्टेल ते. हे सगळं खोटं आहे असं म्हणणारा मी कोण?

दुसरा मुद्दा हल्लीच्या संशोधनाचा. अमेरिकेतल्या टोलेडो युनिव्हर्सिटीत ३६ लहान मुलांना कधी चार खेळणी देऊन आणि कधी सोळा देऊन खेळायला बसवलं, तर चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि जास्त तऱ्हांनी खेळली. म्हणजे ढिगाने खेळणी आणून टाकणाऱ्या आईबापांना (मी त्यातलाच) हा टोला बसतोच.

तिसरा मुद्दा सगळ्यात भारी, आणि गंमत म्हणजे आपल्याकडे वाद घालणाऱ्यांना तो बहुतेक माहीतच नसतो. कोपनहेगनजवळ एम्ड्रुप म्हणून भाग आहे. १९४३ मध्ये, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, तिथल्या कामगारांच्या घरकुल सोसायटीने मुलांसाठी एक मैदान केलं ज्यात झोपाळा नाही, घसरगुंडी नाही, फक्त भंगार. फळ्या, विटा, खिळे, जुनी चाकं, माती, पाणी. पोरांनी त्यातून घरं बांधली, बोगदे खणले, आवडलं नाही की पाडून परत बांधलं. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये मुलांच्या हक्कासाठी झटणाऱ्या ब्रिटनच्या लेडी ॲलन ते बघून इतक्या भारावल्या की त्यांनी घरी येऊन तसलीच मैदानं व्हावीत म्हणून मोहीम उघडली, आणि लंडनच्या कॅम्बरवेलमध्ये १९४८ ला पहिलं झालंही. आज युरोपात ठिकठिकाणी तसली मैदानं आहेत ती सगळी या भंगारातून निघालेली. युद्ध आणि टंचाई नसती तर हे झालं असतं का, असा प्रश्न विचारायचा मोह कोणालाही होईल.

झालं असतं. भंगाराच्या मैदानाची कल्पना कार्ल थेओडोर सोरेनसेन या लँडस्केप आर्किटेक्टची, आणि त्याने ती १९३१ मध्ये लिहून ठेवली होती, युद्धाच्या आठ वर्षं आधी. त्याने आधी चांगली आखीव-रेखीव मैदानं केली होती आणि बघितलं होतं की पोरं तिथे न खेळता शेजारच्या अर्धवट बांधकामाच्या साइटवर जाऊन खेळतात. म्हणजे त्याचा गुरू टंचाई नव्हता, बांधकामाची रेलचेल होती! आणि एम्ड्रुपला नुसतं भंगार टाकून पालकमंडळी घरी गेली असंही नाही. भोवती मातीचा उंच बांध आणि कुंपण घातलेलं, आत हत्यारं पुरवलेली, आणि जॉन बेर्टेलसेन नावाचा पगारी माणूस नेमलेला. पूर्वी खलाशी, मग बालवाडीचं शिक्षण घेतलेला. त्याचं काम काय, तर दिवसभर तिथे असणं, मागितला तर हातोडा देणं आणि नाही मागितलं तर लुडबूड न करणं. हे शेवटचं फार अवघड काम आहे, कोणत्याही आईबापाला विचारा. जागा, सामान, हत्यारं, पगारी माणूस, आणि हे सगळं परक्या लष्कराच्या ताब्यातल्या शहरात. याला अभाव म्हणायचं?

ब्रिटनचंही तसंच. तिथे टंचाई होती, रेशन तर होतंच, मुलांच्या गोळ्या-चॉकलेटवरचं रेशन तर युद्ध संपून आठ वर्षं होत आली तरी, म्हणजे फेब्रुवारी १९५३ पर्यंत, चालू होतं. पण त्याच सरकारने १९४० पासून लहान मुलांना आणि गरोदर बायकांना स्वस्तात किंवा फुकट दूध दिलं, शाळेतलं जेवण वाढवलं, संत्र्याचा रस आणि कॉड लिव्हर ऑइल दिलं. गरीब घरातली कित्येक पोरं युद्धाच्या आधीपेक्षा युद्धात नीट जेवली. तोफगोळ्याच्या तुकड्यांचा बाजार भरवायला जी ताकद लागते ती त्या दुधातून आलेली होती. शिवाय आठवणी सांगायला उरले कोण, तर जे वाचले ते. बॉम्बहल्ल्यात ब्रिटनमध्ये साडेसात हजारांहून जास्त मुलं मेली, त्यांच्या बालपणाच्या आठवणी कोणत्याच संग्रहात नाहीत.

आणि आता त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला या. साल तेच, १९४३. बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसं मेली. ब्रह्मदेश पडल्याने तिकडचा तांदूळ बंद, त्यात जपान येईल म्हणून किनाऱ्यावरच्या होड्या आणि धान्य सरकारनेच काढून घेतलेलं, लष्करासाठी खरेदी, साठेबाजी, भाव आकाशाला. (दुष्काळ नुसता पावसाने येत नाही तो असा.) कलकत्त्याच्या रस्त्यावर बायका-मुलं दारोदार भात नव्हे, भाताची पेज मागत फिरायची, "फ्यान दाओ" म्हणत. टंचाई जर खरंच गुरू असती तर त्या वर्षी जगातली सगळ्यात कल्पक खेळणी बंगालमध्ये व्हायला हवी होती. झैनुल आबेदिन या चित्रकाराने तेव्हा रस्त्यावर बसून काढलेली शाईची चित्रं आहेत, त्यांत आया आहेत, मुलं आहेत, उकिरडे आहेत, कावळे आहेत. खेळणारं पोर मला त्यांत दिसलेलं नाही. आणि हे नुसतं चित्रकाराच्या नजरेचं नाही, भुकेने पार खंगलेलं मूल खेळायचं थांबतं हे बालरोगाच्या कोणत्याही डॉक्टरला माहीत असतं. ते रडतही नाही नीट, नुसतं बघत राहतं. म्हणून तीव्र कुपोषित मुलांवरच्या उपचाराच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या दहा पायऱ्या आहेत त्यात दूध, औषधं, जंतुसंसर्ग यांच्याबरोबर एक पायरी खेळ आणि माया यांची आहे. ते मूल खेळायला लागलं की डॉक्टरांना बरं वाटतं, कारण ते बरं होण्याचं लक्षण असतं. टोलेडोच्या त्या प्रयोगातही मुलांना चार खेळणी होती, शून्य नव्हती, आणि खोलीबाहेर बॉम्ब पडत नव्हते. सोळावरून चारवर येणं आणि चारावरून शून्यावर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला संशोधन लागत नाही.

"पण ती खूश दिसतात ना" हे जे म्हणतात ना, त्याचं मला सगळ्यात आश्चर्य वाटतं. खेळतंय म्हणजे खूशच आहे हे कोणी सांगितलं? व्हिल्नाच्या (आजचं लिथुआनियातलं व्हिल्नियस) घेटोतली, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतली मुलं एक खेळ खेळायची. एक पोरगा जर्मन अधिकारी, एक जण गेटवरचा ज्यू पोलीस, बाकीची पोरं बाहेरच्या कामावरून परत येणारे मजूर. मजुरांनी कपड्यात खाणं लपवून आणायचं, गेटवर झडती व्हायची, सापडलं की मार. त्यांच्या आईबापांचं रोज संध्याकाळी हेच व्हायचं, खरंखुरं. हा खेळच होता, कल्पक होता, त्याला पैसाही लागत नव्हता. घ्यायचा का आपल्या पोरांच्या समर कॅम्पमध्ये? पोलंडमधल्या वूच शहरातल्या घेटोची जी रोजची बखर कैदेतल्या लोकांनीच लिहून ठेवली तिच्यात पोरं सिगारेटची रिकामी पाकिटं जमवून खेळतात अशी नोंद आहे. मला ती वाचताना कौतुक वाटतं आणि मग आठवतं की ही नोंद लिहिणारा, पाकिटं जमवणारी पोरं आणि पाकीट टाकून देणारा, यातले बहुतेक पुढे वर्षभरात मारले गेले. कौतुक तिथेच घशात अडकतं.

मिळेल ती वस्तू खेळणं करण्यात आणखी एक गोम आहे. मूल वस्तू निवडत नाही, आजूबाजूला पडलेलं असेल ते उचलतं. लाओसवर अमेरिकेने १९६४ ते १९७३ मध्ये क्लस्टर बॉम्बमधले २७ कोटींहून जास्त छोटे बॉम्ब टाकले, त्यातले तीसेक टक्के फुटलेच नाहीत. आकार साधारण टेनिस बॉलएवढा. पन्नास वर्षं होऊन गेली तरी शेतात सापडतात आणि बरेचदा ते पोरांनाच सापडतात, का ते सांगायला नको. आणि बोस्नियाच्या युद्धात वेढा पडलेल्या साराजेव्होत २२ जानेवारी १९९४ ला बर्फ पडला म्हणून मुलं घसरगाड्या घेऊन बाहेर पडली, तोफगोळे आले, सहा मुलं जागच्या जागी गेली. १४२५ दिवस चाललेला वेढा होता तो. मुलांना जिन्यात आणि तळघरात कोंडून ठेवायचे आईबाप, आणि पोरं ती, बर्फ दिसल्यावर थांबतील कशी. म्हणून म्हणतो की जागा ही गोष्ट खेळण्याच्या आधी येते.

इथपर्यंत वाचून दुसरा गट खूश झाला असेल की बघा, आम्ही म्हणतच होतो. थांबा जरा. तुमचंही म्हणणं टिकत नाही.

टेरेझिनच्या छळछावणीत, म्हणजे आजच्या झेक देशात, १९४३ मध्ये कैद्यांच्या वर्कशॉपमध्ये मुलांसाठी मोनोपॉलीचा पट बनवला गेला. घरं-रस्ते लंडनचे नाहीत, छावणीचेच. बराकी, स्वयंपाकघर, गोदाम, पहारेकऱ्यांची जागा. छावणीत नवीन आलेल्या पोराला खेळता खेळता कळावं की इथे काय कुठे आहे. तो पट आज जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू नरसंहाराच्या स्मारक-संग्रहालयात आहे. तिथेच फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची चित्रकार मुलांचे चित्रांचे वर्ग घ्यायची, मिळेल त्या पाठकोऱ्या कागदावर. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशवित्झच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं, त्याच्या आधी साडेचार हजारांच्या आसपास चित्रं दोन बॅगांत लपवलेली, ती वाचली. हे "नुसता ट्रॉमा" म्हणून खोडून टाकायचं? त्या माणसांनी उद्याची खात्री नसताना पोरांसाठी पट रंगवला, कारण त्यांना वाटत होतं की उपाशी पोराला सुद्धा खेळ लागतो. त्यांचा तो निर्णय आपण मोबाईलवर बसून बिनकामाचा ठरवायचा का? आणि बघा, इथेही पट मोठ्यांनीच केला. ज्याला आपण पोरांचं घरगुती खेळणं म्हणतो त्याच्या मागे बहुतेक वेळा कोणाचातरी चाकू, खिळा, दोरा आणि तासभर वेळ असतो.

माझे एक चुलतकाका गिरगावच्या चाळीत वाढले, युद्ध चालू असताना सात-आठ वर्षांचे. एप्रिल १९४४ मध्ये गोदीत स्फोट झाला तेव्हा चाळीच्या काचा हादरल्या हे ते अजून सांगतात. त्यांचं लाडकं खेळणं म्हणजे बुचाची भिंगरी. लेमनेडच्या बाटलीचं पत्र्याचं बूच ट्रामच्या रुळावर ठेवायचं, ट्राम गेली की पापडासारखं चपटं, त्याला मध्ये एकमेकांजवळ दोन भोकं, त्यातून दोरा ओवून गाठ, दोन्ही हातांच्या बोटांत अडकवून आधी गरगर पीळ द्यायचा मग ओढ-सैल ओढ-सैल, की भिंगरी भुर्रर्र आवाज करत फिरते, आणि कडेला बोट लागलं की रक्त. एकही पैसा न लागता केलं, हे सांगताना त्यांची छाती फुगते. मी एकदा सहज विचारलं भोकं कोण पाडायचं? तर थोरला भाऊ, खिळा नि बत्ता घेऊन. आणि दोरा? तो आईच्या शिवणाच्या डब्यातला, चोरून. कापड मिळायची मारामार होती त्या काळात, सुतालाही मोल होतं, तेव्हा दोरा गेल्याचं कळल्यावर आईने बदडलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी तिनेच जुन्या गोधडीतला उसवून काढलेला दोरा दिला. आता ही गोष्ट टंचाईची की आईची? काकांना तोपर्यंत हा प्रश्नच पडला नव्हता, ते म्हणाले अरे हो की.

जमैकातलं उदाहरण तर या वादाचा निकालच लावतं असं मला वाटतं, जरी ते युद्धाचं नाही, गरिबीचं आहे. किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेली १२९ बाळं निवडली, नऊ महिने ते दोन वर्षांची. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर यायची, घरगुती टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन, आणि आईला दाखवायची की बाळाशी या खेळण्याने कसं खेळायचं, काय बोलायचं. दोन वर्षं हे चाललं. ती बाळं बावीस वर्षांची झाल्यावर बघितलं तर ज्यांच्या घरी ती बाई येत होती त्यांची कमाई दुसऱ्यांपेक्षा २५ टक्के जास्त होती. खेळणी तीच हो, फोटोतली, डबे नि बुचं. पण बुचं तर किंग्स्टनच्या प्रत्येक गल्लीत पडलेली होती आणि गरिबी सगळ्याच घरांत होती, मग फरक कशाने पडला? दर आठवड्याला दार वाजवणाऱ्या बाईने पडला, आणि तिला कोणीतरी पगार देत होतं.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर कोल्हापूरजवळचं वळिवडे आहे. १९४० मध्ये सोव्हिएत रशियाने पूर्व पोलंडमधून जी माणसं उचलून सैबेरिया-कझाकस्तानात फेकली त्यातले वाचलेले इराणमार्गे भारतात आले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांची छावणी केली, आणि १९४३ पासून १९४८ पर्यंत वळिवड्याला पाचेक हजार पोलिश लोक राहिले, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. ज्यांनी रस्त्यात भावंडं पुरली अशी मुलं. त्यांना इथे काय दिलं? बराकी आणि धान्य तर दिलंच, पण त्याबरोबर त्यांच्या भाषेतल्या शाळा, स्काउटची पथकं, नाटकं, खेळ. तेव्हा मुंबईत रेशन लागलेलं, बंगालमध्ये माणसं मरत होती, म्हणजे द्यायला फार काही होतं असं नाही. तरी "आधी पोटाचं बघू, खेळाचं नंतर" असं कोणी म्हटलं नाही. त्या मुलांपैकी कित्येक जण म्हातारपणी वळिवडे बघायला परत आले.

आणि ज्यांना वाटतं की डब्याच्या गाडीची चव लागलेल्या पोरांना दुकानातली गाडी नकोशी होते, त्यांच्यासाठी जपान. १९४५ मध्ये युद्ध संपून चार महिने झाले नव्हते, ओत्सु शहरातल्या कोसुगे मात्सुझो या खेळणीवाल्याने अमेरिकन सैनिकांनी टाकलेल्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून छोटी जीप बनवली. डिसेंबरमध्ये क्योतोच्या एका मोठ्या दुकानात ती दहा येनला विकायला ठेवली आणि उड्या पडल्या. ज्या देशाने सात वर्षं पोरांना पत्रा दाखवला नव्हता तिथली पोरं "आम्हाला अभावच गोड" म्हणून घरी बसली नाहीत. बरं, तीही डब्याचीच गाडी होती. फक्त पत्रा सफाईने वळवलेला होता आणि कडेने बोट कापत नव्हतं.

मग आपल्या पोरांचं काय, त्यांच्या खोलीभर खेळण्यांचं काय? करा ना कमी, माझी हरकत नाही, पण त्यासाठी गाझातलं किंवा सुदानमधलं पोर वेठीला धरायची गरज नाही. आपल्याकडे याचं उत्तम उत्तर पुण्यात बसून अरविंद गुप्तांनी कधीच दिलंय. टेल्कोतले इंजिनिअर, १९७८ मध्ये रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामाला गेले आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे काडेपेटीच्या काड्यांना जोडून त्रिकोण-चौकोन-घरं करायचा खेळ काढला. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी करून दाखवली. त्यांनी कधी पोरांना उपाशी ठेवा म्हटल्याचं मी ऐकलं नाही. ते पोरांच्या शेजारी बसायचे, ट्यूब कापून द्यायचे आणि मग मोडतोड करू द्यायचे.

हे तिसरं आपल्याला जमत नाही. फळ्या, हातोडी, माती, पाणी हे सगळं आपल्या शहरात आहे, पैसाही आहे, पण ते घेऊन पोरांनी बसायचं कुठे? मैदानावर पार्किंग, बागेत "गवतावर चालू नये", सोसायटीच्या आवारात "बॉल खेळण्यास मनाई". आमच्याच सोसायटीत गणपती उठल्यावर मखराचे बांबू नि पुठ्ठे उरले होते, पोरांनी मागच्या भिंतीला टेकवून त्याचं दोन खोल्यांचं घर बांधलं, वर जुन्या चादरीचं छप्पर, आत बसून भेळ खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं शाळेत असताना वॉचमनकडून ते काढून टाकण्यात आलं. मीटिंगच्या रजिस्टरमध्ये कारण लिहिलंय, "आवार विद्रूप दिसत असल्याबाबत दोन तक्रारी आल्या".